इन्क्रिमेंटल बॅकअप रोज सगळ्याच फाइल्स पुन्हा का घेतो?

इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणजे मागच्या वेळेनंतर बदललेल्या फाइल्सच घेणारा बॅकअप. नौपाड्यातलं सीए ऑफिस असो, वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप असो की वाशीच्या एपीएमसीतला गाळा, बॅकअपची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. दोन-चार विंडोज पीसी, टेबलाखाली एक छोटा नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी) किंवा यूएसबी हार्ड डिस्क, आणि रात्री अकराला आपोआप सुरू होणारी स्क्रिप्ट. पहिला बॅकअप रात्रभर चालला तर त्यात काही चूक नाही. पण दिवसभरात पन्नास-साठ फाइल्सच बदलल्या असताना दुसऱ्या रात्रीही तो तेवढाच वेळ घेत असेल, तर दोष शोधायलाच हवा. ३०० जीबी डेटा १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचमधून जायला सात-साडेसात तास लागतात. ५० एमबीपीएस अपलोडच्या ब्रॉडबँडवरून तोच डेटा बाहेर पाठवायचा तर तेरा तासांच्या वर. सकाळी लोक कामावर येतात तेव्हा बॅकअप चालूच असतो, नेटवर्क मंद झालेलं असतं, आणि कुणीतरी तो मधेच बंद करतं. रोज तारखेचं वेगळं फोल्डर बनत असेल तर डिस्क भरते आणि जागेसाठी जुन्या प्रती उडवल्या जातात. खरं नुकसान हे आहे.

आरसिंक (मुख्यतः लिनक्सवरची कॉपीची कमांड), रोबोकॉपी (विंडोजमधली तशीच कमांड) आणि त्यांच्यासारखी बहुतेक साधनं फाइल उघडून आतला मजकूर पाहत नाहीत. ती फक्त दोन गोष्टी जुळवतात: फाइलचा आकार आणि शेवटची मॉडिफाइड वेळ. दोन्ही जुळलं की फाइल सोडून देतात, एक जरी वेगळं असलं की कॉपी करतात. म्हणून न बदललेली फाइल पुन्हा जात असेल तर त्या साधनाला मूळ आणि प्रत यांत काहीतरी वेगळं दिसतंय, एवढं नक्की. ते काय दिसतंय हे त्यालाच विचारायचं. अंदाजाने पर्याय बदलत बसलं की एक दोष झाकला जातो आणि दुसरा निर्माण होतो.

(कमांडमधले पर्याय इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत द्यायचे. आरसिंकचे पर्याय वेगळं सांगितलं नसेल तिथे लहान लिपीतले आहेत.)

कॉपी होतंय की नुसतं वाचलं जातंय?

बॅकअपला वेळ लागतो म्हणजे डेटा पुन्हा साठवला जातोच असं नाही. वाचणं, पाठवणं आणि साठवणं ही तीन वेगळी कामं आहेत. आरसिंकला चेकसमचा (मजकुरावरून काढलेला आकडा जुळवण्याचा) पर्याय, म्हणजे -सी, कायमचा लावलेला असेल तर तो दोन्हीकडची जवळजवळ प्रत्येक फाइल पूर्ण वाचतो. तास जातात, पण कॉपी फारशी होत नाही. इथे इलाज सोपा आहे: रोजच्या स्क्रिप्टमधून -सी काढा आणि महिन्यातून एकदा पडताळणीसाठी वेगळा चालवा.

रेस्टिक आणि बोर्ग या बॅकअप प्रोग्रामांचंही तसंच. ते मजकुराचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एकदाच साठवतात. सगळ्या फाइल्स पुन्हा वाचल्या तरी भांडारात भर पडते ती नव्या तुकड्यांचीच. रेस्टिकच्या शेवटच्या ओळींत नव्या, बदललेल्या आणि न बदललेल्या फाइल्सची संख्या असते आणि भांडारात किती भर पडली तेही असतं. बदललेल्या हजारो, पण भर काही एमबीची, असं दिसलं तर त्रास वाचण्याचा आहे. त्याचा इलाज पुढे दिला आहे.

आरसिंकला --स्टॅट्स जोडला की एकूण फाइल्सचा आकार आणि प्रत्यक्ष पाठवलेल्या फाइल्सचा आकार असे दोन आकडे मिळतात. आता मुख्य चाचणी करा. ऑफिस बंद झाल्यावर, कुणीही काम करत नसताना, तोच बॅकअप पाठोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी पाठवलेला आकार शून्याच्या जवळ यायला हवा. रोबोकॉपीचा एक्झिट कोड (काम संपल्यावर कमांड देते तो आकडा) अशा वेळी ० येतो. १ आला तर काहीतरी कॉपी झालं, ८ किंवा त्याहून मोठा आला तर काहीतरी कॉपी होऊ शकलं नाही. दुसरी फेरी स्वच्छ गेली पण रोज रात्री मात्र सगळं जातं, असं असेल तर दिवसभरात कुणीतरी फाइल्सना हात लावतंय. दुसरी फेरीही भरभरून गेली तर दोष स्क्रिप्टमध्ये किंवा डिस्कच्या फॉरमॅटमध्ये आहे. अर्धा शोध इथेच संपतो.

एकच फाइल निवडा

हजारो फाइल्सच्या यादीकडे बघून काही कळत नाही. कुणीही उघडली नसेल अशी एक जुनी पीडीएफ किंवा फोटो निवडा आणि तिच्यावरच लक्ष ठेवा.

आरसिंकला -एन आणि -आय जोडून चालवा. -एनमुळे प्रत्यक्षात काही कॉपी होत नाही, -आयमुळे प्रत्येक फाइलसमोर अकरा अक्षरांची खूण येते. पहिल्या जागी बाणासारखं चिन्ह असेल तर फाइल पाठवली जाणार. टिंब असेल तर मजकूर जाणार नाही, फार तर परवानग्या वगैरे दुरुस्त होतील. तिसरी जागा चेकसमची, चौथी आकाराची, पाचवी वेळेची, सहावी परवानग्यांची, सातवी मालकाची, आठवी ग्रुपची. पाचव्या जागी लहान टी म्हणजे वेळ जुळत नाही. तिथेच कॅपिटल टी दिसला तर मूळ वेळ प्रतीवर लावायची सूचनाच आरसिंकला दिलेली नाही. सगळीकडे अधिकची चिन्हं असतील तर त्याच्या मते ही फाइल पलीकडे अस्तित्वातच नाही.

रोबोकॉपीला /एल, /व्ही, /टीएस आणि /एफपी जोडा. /एल असला की तो फक्त यादी देतो, /एमआयआर (मूळ जागी नसलेल्या फाइल्स प्रतीतूनही पुसणारा पर्याय) असलेल्या कमांडलाही त्याच्यामुळे धोका राहत नाही. यादीत प्रत्येक फाइलच्या आधी वर्ग लिहिलेला असतो. ‘न्यूअर’ म्हणजे मूळ फाइल प्रतीपेक्षा नवी, ‘ओल्डर’ म्हणजे मूळ जुनी, ‘चेंज्ड’ म्हणजे वेळ तीच पण आकार वेगळा. रोबोकॉपी या तिन्ही वर्गांतल्या फाइल्स कॉपी करतो, ‘ओल्डर’सुद्धा, हे अनेकांना माहीत नसतं. यादीत ‘सेम’ असूनही फाइल जात असेल तर कमांडमध्ये कुठेतरी /आयएस घुसलेला आहे. तो काढला की काम संपलं.

आता त्याच फाइलची वेळ दोन्हीकडे सेकंदांपर्यंत पाहा. एक्सप्लोररची यादी मिनिटांपर्यंतच दाखवते, सेकंद हवे असतील तर प्रॉपर्टीज उघडा. सेकंदाचे अपूर्णांक पॉवरशेलमध्ये दिसतात, लिनक्सवर आणि बहुतेक नॅसवर स्टॅट कमांडने दिसतात. दोन्ही वेळा कागदावर एकाखाली एक लिहा आणि वजाबाकी करा. ही वजाबाकी पुढचा रस्ता दाखवते.

फरक दोन सेकंदांच्या आत

समजा मूळ फाइल पीसीवर एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा डिस्क-फॉरमॅट) डिस्कवर आहे आणि तिची वेळ १७:४२:३१.४१८ आहे. यूएसबी डिस्कवरच्या प्रतीची वेळ १७:४२:३२ दिसते. आणखी पाच-सहा फाइल्स तपासा. प्रतींचे सेकंद सगळीकडे सम असतील, ३२, ०८, ५४ असे, तर डिस्क फॅट३२ आहे असं समजा. फॅटमध्ये मॉडिफाइड वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच लिहिता येते. एनटीएफएस १०० नॅनोसेकंदांपर्यंत वेळ ठेवतं. एक्सफॅट १० मिलिसेकंदांपर्यंत ठेवतं, जुन्या मॅकचं एचएफएस प्लस पूर्ण सेकंद. फॅटवर लिहिताना विंडोज पुढच्या सम सेकंदाला वेळ नेतं, म्हणून प्रत मूळ फाइलपेक्षा किंचित नवी दिसते. रोबोकॉपीच्या यादीत हजारो ‘ओल्डर’ दिसण्याचं हे नेहमीचं कारण आहे. तो फाइल पुन्हा कॉपी करतो, वेळ पुन्हा सम सेकंदावर जाते, उद्या पुन्हा तेच.

रोबोकॉपीत यासाठी /एफएफटी आहे. तो लावला की दोन सेकंदांपर्यंतचा फरक मानला जात नाही. काही नॅस अपूर्णांक कापून पूर्ण सेकंदच ठेवतात, तिथेही हाच लावा. आरसिंकमध्ये --मॉडिफाय-विंडो=१ द्या. डिस्क आधी विंडोजने भरलेली असेल तर १ पुरत नाही, कारण ३०.५ सेकंदांची वेळ ३२ वर गेलेली असते आणि पूर्ण सेकंदांत फरक २ चा पडतो. तिथे २ द्या.

डिस्क फक्त बॅकअपसाठीच असेल तर ती एनटीएफएसमध्ये, किंवा लिनक्सवरच वापरायची असेल तर एक्स्ट४ मध्ये फॉरमॅट करणं जास्त चांगलं. फॅट३२ वर ४ जीबीची फाइलही बसत नाही. फॉरमॅट करण्याआधी तोच डेटा दुसऱ्या एखाद्या डिस्कवर आहे ना, हे स्वतः फाइल्स उघडून पाहा.

फरक बरोबर साडेपाच तास

बॅकअपवरच्या परदेशी लेखांत एक तासाच्या फरकाबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं, कारण तिकडे उन्हाळी वेळेसाठी घड्याळं पुढे-मागे होतात. रोबोकॉपीचा /डीएसटी पर्याय त्यासाठी आहे. भारतात तो लावून काही होत नाही. आपल्याकडे शोधायचा आकडा ५ तास ३० मिनिटं, म्हणजे १९,८०० सेकंद.

फॅट३२ स्थानिक वेळ लिहून ठेवतं आणि ती कुठल्या टाइमझोनची आहे याची नोंद ठेवत नाही. विंडोज ती वेळ भारतीय धरून वाचतं. तीच डिस्क लिनक्सला किंवा नॅसच्या यूएसबी पोर्टला लावली आणि तिथे ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली गेली की प्रत्येक फाइल साडेपाच तासांनी सरकलेली दिसते. एनटीएफएस आणि एक्स्ट४ यूटीसीतच वेळ ठेवतात, म्हणून हा गोंधळ त्यांच्यावर होत नाही. लिनक्सवर फॅट डिस्क माउंट करताना (म्हणजे वापरासाठी जोडताना) टाइम_ऑफसेट=३३० द्या. ३३० ही मिनिटं आहेत. त्याआधी टाइमडेटसीटीएल कमांड चालवून यंत्राचा टाइमझोन एशिया/कोलकाता आहे का ते पाहा.

एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर साडेपाच तासांचा गोंधळ आणखी एका वाटेने येतो. मदरबोर्डचं घड्याळ लिनक्स यूटीसीत धरतं, विंडोज स्थानिक वेळेत. विंडोज सुरू झाल्यावर घड्याळ इंटरनेटवरून दुरुस्त होईपर्यंत सेव्ह केलेल्या फाइल्सवर साडेपाच तास मागची वेळ पडते. त्या पुन्हा-पुन्हा कॉपी होत नाहीत, उलट ‘नवीनच घ्या’ म्हणणाऱ्या स्क्रिप्टमधून सुटून जातात, आणि ते जास्त वाईट आहे. टाइमडेटसीटीएलला सेट-लोकल-आरटीसी १ देऊन दोघांना एका वेळेवर आणा. जुन्या पीसीतली सीआर२०३२ बटन सेल संपली असेल तर लाइट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. तिथे सेलच बदलायला हवी.

प्रतीची वेळ म्हणजे कॉपी झाल्याची वेळ

प्रतींची मॉडिफाइड वेळ काल रात्रीचीच असेल, सगळ्या फाइल्सना अकरा-बाराच्या आसपासची, तर मूळ वेळ पलीकडे पोचलेलीच नाही. आरसिंकमध्ये -आर एकटाच वापरला की असं होतं. -आर -टी किंवा -ए वापरा. -ए मध्ये -टी येतोच. रोबोकॉपी मुळातच डेटा, अॅट्रिब्यूट आणि वेळ तिन्ही नेतो, पण कुणी /कॉपी:डी लिहून ठेवलं असेल तर वेळ मागे राहते. तिथे /कॉपी:डीएटी करा.

कधी पर्याय बरोबर असतो, पण वेळ लावायची परवानगी नसते. आरसिंक शेवटी कोड २३ देऊन संपतो आणि लॉगमध्ये ‘फेल्ड टू सेट टाइम्स’ अशा ओळी असतात. नॅसचं शेअर्ड फोल्डर लिनक्सवर माउंट करून त्यात कॉपी केली आणि फाइल्सचा मालक एक, स्क्रिप्ट चालवणारा युजर दुसरा, असं असलं की हे घडतं. माउंट करताना यूआयडी पर्यायात स्क्रिप्टच्याच युजरचा क्रमांक द्या. त्याहून चांगलं म्हणजे शेअर माउंट न करता नॅसवरच आरसिंक सुरू करून एसएसएचवरून (दुसऱ्या यंत्राशी सुरक्षित जोडणीवरून) पाठवणं. त्यात आणखी एक फायदा आहे. माउंट केलेलं फोल्डर आरसिंकला स्थानिक वाटतं आणि तो बदललेली फाइल अख्खी लिहितो; एसएसएचवर मात्र बदललेले भागच जातात. आठ जीबीच्या आउटलुक फाइलसाठी हा फरक खूप मोठा आहे.

मोबाइलमधून केबलने ओढलेले फोटो, वेबडॅव्हवर किंवा एफटीपीवर चढवलेल्या फाइल्स यांचीही मूळ वेळ बहुतेकदा हरवते. जिथे वेळ टिकतच नाही तिथे --साइझ-ओन्लीने किंवा चेकसमने तुलना करण्यावाचून इलाज नाही. आकारावरच्या तुलनेत एक भोक राहतं: बिलातली १५०० ची रक्कम १८०० केली आणि आकार तेवढाच राहिला तर तो बदल बॅकअपमध्ये येणार नाही. हिशेबाच्या फाइल्ससाठी ही तुलना नको.

वेळ आणि आकार दोन्ही जुळतात, तरीही फाइल जाते

इथे तीन कारणं शोधायची: वाट, नाव आणि आर्काइव्ह बिट.

वाट म्हणजे पाथ. आरसिंकमध्ये मूळ फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ असली की आतला माल जातो, नसली की फोल्डरसकट जातो. काल रेघ होती आणि आज नाही, तर सगळं एक पायरी खाली नव्याने उतरतं. फोल्डरचं नाव ‘जीएसटी’चं ‘जीएसटी २०२४-२५’ केलं तरी तेच: आतल्या फाइल्स आरसिंकच्या दृष्टीने सगळ्या नव्या. यूएसबी डिस्कला एक दिवस ई हे अक्षर मिळालं आणि दुसऱ्या दिवशी एफ, तर अनेक प्रोग्राम ते नवं ठिकाण धरून पूर्ण बॅकअप घेतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला वर्णमालेतलं शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं द्या.

नावाची अडचण मराठी फाइलनावांना खास सतावते. ‘दुसऱ्या तिमाहीचा ताळेबंद’ किंवा ‘कऱ्हाड शाखा’ यातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे एकच चिन्ह. दोन, साधा र आणि त्यापुढे नुक्त्याचं वेगळं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यूटीएफ-८ मध्ये पहिल्याला तीन बाइट लागतात, दुसऱ्याला सहा. विंडोज आणि लिनक्स टाइप झालं तसं नाव ठेवतात. एचएफएस प्लसची जुनी मॅक डिस्क ते फोडून दुसऱ्या रूपात ठेवते. अशा डिस्कशी बॅकअपची जोडी लावली की ऱ असलेली फोल्डरं तेवढी जुळत नाहीत, आणि डिलीटचा पर्याय चालू असेल तर एकीकडे जुनी उडतात आणि दुसरीकडे नवी येतात. बाकी सगळं ठीक असून ठरावीक चार-पाच फोल्डरंच रोज जात असतील, किंवा एकाच नावाची दोन फोल्डरं शेजारी-शेजारी दिसत असतील, तर हेच तपासा. एलएस कमांडचं उत्तर ओडी कमांडमधून पाहिलं की बाइट मोजता येतात. मॅकवर आरसिंकच्या तिसऱ्या आवृत्तीला --आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८ द्या. लिनक्सवर नावं एकसारखी करायला कॉन्व्हएमव्ही कमांडचा --एनएफसी आहे. तो आधी नुसती चाचणी दाखवतो, --नोटेस्ट दिल्यावरच नावं खरोखर बदलतो.

आर्काइव्ह बिट ही विंडोजची जुनी पद्धत. फाइल बदलली की विंडोज तिच्यावर खूण करतं, बॅकअप ती फाइल घेतो आणि खूण पुसतो. रोबोकॉपी /एम आणि एक्सकॉपी /एम असं चालतात. /ए मात्र खूण पाहतो पण पुसत नाही. म्हणजे /एमच्या जागी /ए लिहिला गेला तर त्याच फाइल्स रोज जात राहतात. बॅकअपच्या युजरला मूळ फोल्डरवर फक्त वाचण्याची परवानगी असेल तरीही खूण पुसली जात नाही. बॅकअपनंतर अॅट्रिब कमांड चालवून पाहा, फाइलसमोर ए अक्षर अजून असेल तर कारण सापडलं.

दोन डिस्क आलटून-पालटून वापरणाऱ्यांनी ही पद्धत सोडूनच द्यावी. शनिवारी वाशीच्या ऑफिसातून एक डिस्क ठाण्याला घरी जाते आणि सोमवारी दुसरी येते, ही व्यवस्था उत्तम आहे. पण पहिल्या डिस्कवर कॉपी होताना खूण पुसली गेली की दुसऱ्या डिस्कला ती फाइल बदललीय हे कळतच नाही. इथे कॉपी जास्त होण्याचा प्रश्न नाही, फाइल्स गळतात. आकार-वेळेची तुलना प्रत्येक डिस्कशी स्वतंत्र होते, म्हणून तीच वापरा.

तारखेची फोल्डरं आणि हार्ड लिंक

आरसिंकच्या --लिंक-डेस्टने रोज पूर्ण दिसणारं फोल्डर बनतं, पण न बदललेल्या फाइल्स कालच्याच फोल्डरला हार्ड लिंकने (डिस्कवरच्या त्याच डेटाला दिलेल्या दुसऱ्या नावाने) जोडलेल्या असतात. इतकी चांगली सोय बिघडते ती बहुतेकदा चार ठिकाणी.

सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे सापेक्ष (मुळापासून पूर्ण न लिहिलेला) पाथ. --लिंक-डेस्टला दिलेला सापेक्ष पाथ तुम्ही जिथे उभे आहात तिथून मोजला जात नाही, तो नव्या बॅकअप फोल्डरपासून मोजला जातो. चुकला तर आरसिंक ‘असं फोल्डर नाही’ अशी एक ओळ छापतो आणि निवांत सगळं कॉपी करतो. ती ओळ लॉगमध्ये कुणी वाचत नाही. पूर्ण पाथ द्या, प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट, लिंक होण्यासाठी परवानग्या, मालक आणि ग्रुपही जुळावे लागतात. मूळ फोल्डरवर कुणी सीएचमॉड -आर (इथे आर कॅपिटल) चालवून परवानग्या बदलल्या की त्या रात्री सगळ्या फाइल्सची नवी प्रत होते. एकदा झालं तर सोडून द्या. रोज होत असेल तर -आयच्या खुणेतली सहावी ते आठवी अक्षरं वाचा.

तिसरी, फॅट३२ आणि एक्सफॅट यांच्यावर हार्ड लिंक होतच नाहीत.

चौथी स्क्रिप्टमधली आहे. ‘लेटेस्ट’ नावाची लिंक शेवटच्या बॅकअपकडे वळवायची असते. मध्यरात्री लाइट गेली किंवा डिस्क निखळली, बॅकअप अर्धवट राहिला, तरी काही स्क्रिप्ट ही लिंक वळवतातच. दुसऱ्या रात्री तुलना अर्ध्या भरलेल्या फोल्डरशी होते आणि उरलेला अर्धा डेटा पुन्हा उतरतो. आरसिंकचा एक्झिट कोड ० असेल तरच लिंक वळवा. २४ आला तरी चालेल; कॉपी होताना एखादी फाइल मूळ जागेवरून नाहीशी झाली एवढाच त्याचा अर्थ. नॅसला यूपीएस नसेल तर ही अट स्क्रिप्टमध्ये असायलाच हवी.

लिंक खरंच होतायत का ते पाहायला डीयू कमांडला कालचं आणि आजचं फोल्डर एकाच वेळी द्या. जोडलेल्या फाइल्स ती एकदाच मोजते. दुसरा आकडा लहान आला तर लिंक ठीक आहेत.

टार, रेस्टिक, बोर्ग

फाइल्सची एकच गठडी बांधणाऱ्या जीएनयू टारचा --लिस्टेड-इन्क्रिमेंटल प्रत्येक फोल्डरसोबत डिव्हाइस क्रमांकही लिहून ठेवतो. यूएसबी डिस्क किंवा नेटवर्क माउंट रीस्टार्टनंतर वेगळ्या क्रमांकाने आलं की टार सगळं नवीन समजतो. --नो-चेक-डिव्हाइस द्या. आणि टारची नोंदफाइल टेम्प फोल्डरमध्ये ठेवू नका, रीस्टार्टला ती उडाली की पुढचा बॅकअप पूर्णच होतो.

रेस्टिक मागचा स्नॅपशॉट (आधीच्या बॅकअपची नोंद) शोधतो तो होस्टनेम (यंत्राचं नाव) आणि पाथ पाहून. डॉकरमधून (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनातून) चालवताना होस्टनेम दर वेळी बदलतं, मग मागचा स्नॅपशॉट सापडत नाही आणि सगळ्या फाइल्स पुन्हा वाचल्या जातात. --होस्ट देऊन नाव पक्कं करा. नेटवर्क माउंटवर आयनोड क्रमांक (डिस्कवर फाइलला मिळालेला अंतर्गत क्रमांक) बदलत राहतात, तिथे --इग्नोर-आयनोड. बोर्गमध्ये त्याच कारणासाठी --फाइल्स-कॅश=एमटाइम,साइझ. बॅकअपच्या आधी रोज सीएचओन किंवा सीएचमॉड (मालक किंवा परवानग्या बदलणाऱ्या कमांड) चालवायची सवय असेल तर फाइलचा सीटाइम (तिच्या माहितीत शेवटचा बदल झाल्याची वेळ) बदलतो आणि हे दोघेही ती फाइल पुन्हा वाचतात. ती ओळ काढून टाका.

फाइल खरंच बदललेली असेल तर

मूळ आणि कालची प्रत यांचा एसएचए२५६ हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काढा. लिनक्सवर एसएचए२५६सम, विंडोजवर सर्टयूटिल -हॅशफाइल, फाइलच्या नावापुढे एसएचए२५६ लिहून (नाहीतर तो एसएचए१ काढतो). हॅश वेगळा आला तर बॅकअपचा दोष नाही. आउटलुकची पीएसटी, टॅलीचा कंपनी डेटा, व्हर्च्युअल मशीनची डिस्क यांत थोडासा बदल झाला तरी फाइल-पातळीवरचं साधन ती अख्खी घेणार. यांना वेगळं काढा आणि तुकड्यांनी साठवणाऱ्या साधनाकडे द्या, प्रोग्राम बंद असताना. फोटोंची काही सॉफ्टवेअर रेटिंग किंवा टॅग थेट फोटोत लिहितात, तिथे सेटिंग बदलून ते वेगळ्या फाइलीत लिहायला लावा. ऑटोकॅड वापरणाऱ्यांनी डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ या लॉक फाइल्स बॅकअपमधून वगळाव्यात. बीएके फाइल्स मात्र विचार करून वगळा, ड्रॉइंग बिघडलं की त्याच कामाला येतात.

व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामची कंटेनर फाइल (डेटा कुलूपबंद ठेवणारी एकच मोठी फाइल) उलट वागते. आतला डेटा बदलला तरी मूळ सेटिंगमध्ये ती स्वतःची मॉडिफाइड वेळ तशीच ठेवते आणि आकारही तोच राहतो. बॅकअप झपाट्याने होतो आणि कंटेनर कधीच जात नाही. प्रेफरन्सेसमधला वेळ जपण्याचा पर्याय बंद करा.

दुरुस्तीनंतर

वेळा चुकीच्या बसलेल्या शेकडो जीबी पुन्हा कॉपी करायची गरज नाही. -ए सोबत -सी लावून आरसिंक एकदा चालवा. मजकूर जुळणाऱ्या फाइल्सवर तो फक्त वेळ दुरुस्त करतो, न जुळणाऱ्या तेवढ्या पाठवतो. दोन्हीकडे सगळं वाचलं जातं, म्हणून शनिवारी रात्री लावा. हेच काम --साइझ-ओन्लीने मिनिटांत होतं, पण आकार तोच राहून बदललेली फाइल त्यात कायमची दडून बसते: वेळ जुळवली जाते आणि पुढे कुणालाही फरक दिसत नाही.

/एमआयआर किंवा --डिलीट असलेली कमांड दुरुस्त केली की आधी /एल किंवा -एन लावून चालवा आणि ‘एक्स्ट्रा’ किंवा ‘डिलीटिंग’ अशा ओळी मोजा. पाथमधल्या एका रेघेच्या फरकाने पलीकडची सगळी प्रत पुसली जाऊ शकते. मोजणी पटली की खरा बॅकअप, त्यापाठोपाठ लगेच दुसरा, आणि दुसऱ्यात पाठवलेला आकार किती आला ते लॉगमध्ये लिहून ठेवा. पुढे दर महिन्याला त्याच आकड्याशी ताडून पाहा.